कोपऱ्यातला वारा

बाबा,

मी हल्ली गोल्फ खेळते. तुम्ही हसाल. गोल्फबद्दल तुम्हाला माहीत होतं ते एवढंच, की खाडीपलीकडच्या तुमच्या कारखान्यातले मोठे साहेब रविवारी लांबलचक पिशवी गाडीत टाकून कुठेतरी जायचे आणि सोमवारी उन्हाने लाल होऊन कामावर यायचे. मी तसलं खेळत नाही. बोरिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून, टॅबवर खेळते. टॅब म्हणजे पाटीएवढा मोठा फोन समजा. तुमच्या नातीने लावून दिलाय हा खेळ. ती बंगलोरला शिकायला निघाली तेव्हा बॅग भरता भरता म्हणाली, "आई, रोज फोन करून 'जेवलीस का, झोपलीस का' विचारत बसू नकोस ना. त्यापेक्षा आपण काहीतरी खेळू." तुमचे जावई कामासाठी आठवडाभर पुण्यात असतात, म्हणजे संध्याकाळी घरात मी एकटीच. मग कुकर लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि ती तिथून, मी इथून, एकाच हिरव्यागार मैदानावर चेंडू मारायचा. समोर कुठल्या कुठल्या देशांतले लोक असतात. त्यांची तोंडं दिसत नाहीत, फक्त त्यांचे चेंडू पडलेले दिसतात. आम्ही दोघी एका बाजूला. दिवसभरात तिचा आवाज एवढा वेळ ऐकायला मिळतो तो ह्या खेळामुळेच, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, पण तिला ते ठाऊक असावं.

खेळ बघायला सोपा आहे. लांबवर एक झेंडा, त्याच्या बुडाशी भोक, तिथवर चेंडू न्यायचा. पण मध्ये वारा असतो. पडद्याच्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण असतो आणि त्याच्याखाली आकडा. वारा डावीकडून येत असला तर निशाण, म्हणजे नेमाची खूण, डावीकडे सरकवून मारायचं, म्हणजे वाराच चेंडूला ढकलत ढकलत जागेवर आणतो. समोरून असला तर ताकद वाढवायची. त्यात पुन्हा चढ-उताराची भानगड. झेंडा टेकडीवर असला की चेंडू अलीकडेच पडतो, खाली दरीत असला की पुढे निघून जातो. आणि उंच मारलेला चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून त्याला वाराही जास्त लागतो. "आधी वारा बघ, मग चढ बघ, मग दोन्हींचा एकत्र विचार कर. आणि घाई नको, यार आई," असं पोरगी मला शिकवायची. महिना-दोन महिन्यांत मी तिच्यापेक्षा बरी खेळायला लागले. ती विचारायची, "तुला कसं कळतं गं इतकं बरोबर?" मी सांगायची, माझे बाबा कारखान्याची बस चालवायचे.

कारण वाऱ्याचं मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. बारावीची परीक्षा होऊन मी घरात लोळत पडलेली. तुमची बस दुरुस्तीला टाकायची होती, पलीकडे ऐरोलीला. तुम्ही म्हणालात चल, आणि मी तुमच्या शेजारी त्या गरम बॉनेटवर, तुमचाच टॉवेल घडी करून घातलेल्या जागेवर बसले. मागे सगळी बाकं रिकामी, खिडक्यांच्या काचा नुसत्या खडखडतायत. मुलुंड सुटलं, पूल आला, आणि खाडीवरचा वारा गाडीच्या कुशीवर येऊन आदळायला लागला. तेवढी मोठी बस, पण कुणीतरी खांद्याने रेटावी तशी बाजूला सरकत होती. तुम्ही स्टिअरिंग जरासं वाऱ्याकडे धरून ठेवलं होतंत. चाकं थोडी वाकडी आणि गाडी मात्र सरळ चाललेली, हे बघून मला फार मजा वाटली. तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "रिकामी गाडी वाऱ्याक लागता गो. मानसा बसली की गप ऱ्हवता." आणि मग माझा हात घेऊन स्टिअरिंगवर ठेवलात, म्हणजे मलाही तो रेटा कळावा. तेवढी एकच मिनिटभराची शिकवणी. टॅबवर निशाण सरकवताना अजूनही मला तळहाताखाली ते जाड, घामाने चिकट झालेलं चाक लागतं.

त्या दिवसाचं उरलेलं पुढे लिहिते. आधी खेळात काय व्हायला लागलं ते सांगते.

वरच्या पातळीवर गेलं की वारा एका जागी राहत नाही. तुम्ही निशाण लावता, ताकद ठरवता, मग पडद्याच्या मध्यावर एक काटा हलायला लागतो. तो बरोबर मधोमध आला की बोट उचलायचं. सगळं लक्ष त्या काट्याकडे. आणि कधी कधी नेमका तेव्हाच कोपऱ्यातला बाण लाल होतो आणि फिरतो. लाल झाला की बोट उचलायचं नाही, थांबायचं, पुन्हा सगळं जुळवायचं. गेल्या उन्हाळ्यापासून मी थांबेनाशी झाले. माझे चेंडू तळ्यात, झाडीत, वाळूत. पोरगी आधी हसली, मग गप्प झाली, मग चिडली.

"आई, वारा बदलला होता!"

"कधी?"

"कधी म्हणजे? लाल झालं ना कोपऱ्यात. मला इथून दिसतोय तुझा स्क्रीन. तू बघत नव्हतीस का?"

"बघतच होते गं."

"मग मारलास कशाला?"

मला खरंच वाटलं की टॅब बिघडलाय. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्या माणसाने कोपरे दाबून बघितले, रंग बदलून बघितले, आणि म्हणाला, "मॅडम, स्क्रीन एकदम झकास आहे. काय प्रॉब्लेम नाय." बाण बघायला म्हणून मी कोपऱ्याकडे सरळ नजर टाकली, तर तो स्वच्छ दिसत होता, आकड्यासकट. नजर मध्यावर आणली की त्या कोपऱ्यात काही काळं दिसायचं, असंही नाही. हिरवळच दिसायची, आभाळ दिसायचं. फक्त बाण नसायचा. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, बाबा, की जे दिसत नाही तिथे भोक दिसत नाही. तिथे सगळं ठीकठाक असल्यासारखंच दिसतं.

मग चारकोपची गोष्ट झाली. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांची खोकी छापणारा एक कारखाना आहे, मी त्यांचं ऑफिस सांभाळते. रोज स्कूटीवरून जाते. सेक्टरमधल्या आतल्या रस्त्याने, भाजीवाल्यांना चुकवत, सवयीने. एका सकाळी डावीकडच्या गल्लीतून एक रिक्षा निघाली आणि माझ्या पुढच्या चाकापाशी येऊन थांबली. निघाली, असं नंतर लोकांनी सांगितलं. माझ्यासाठी ती निघाली नाही. आधी ती नव्हतीच, आणि मग पिवळी-काळी माझ्यासमोर उभीच होती. मी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, कोपर सोललं. रिक्षावाला भला होता, त्यानेच मला उचललं. "मॅडम, हॉर्न मारत होतो ना, बघितलं नाय तुम्ही?" आणि मी, कोपर झटकत, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "कुठून आली ही?"

हे बोलले आणि लक्षात आलं. आवाज माझा होता, पण म्हणणं तुमचं होतं.

तर त्या दिवशी पूल उतरून आपण पलीकडे लागलो. सकाळ सरत आलेली, रस्ता मोकळा. मी बॉनेटवर तुमच्या डाव्या हाताला. डावीकडून एक पाववाला सायकल हाकत रस्त्याकडे येतोय, मागे कॅरियरवर निळ्या कापडाने बांधलेली मोठी टोपली. मला तो लांबूनच दिसतोय. मला दिसतोय म्हणजे तुम्हालाही दिसत असणार, चालवणारे तुम्ही आहात. तो रस्त्यावर येतो. तुम्ही वेग कमी करत नाही. मी तुमच्याकडे बघते, तुम्ही समोर बघताय, चेहरा अगदी शांत. मी पुन्हा त्याच्याकडे बघते. आता त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसतायत. आणि मी ओरडते, "बाबा!"

ब्रेकचा तो आवाज अजून ऐकू येतो. सायकल पडली, टोपली उलटली, पाव सगळ्या रस्त्याभर. माणसाला खरचटलंही नव्हतं, तो भीतीनेच पडला होता. उठून त्याने तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली. "अंधा है क्या? इतना बडा आदमी नहीं दिखता?" तुम्ही खाली उतरलात. मला वाटलं आता तुमचं सुरू होणार. मुलुंडच्या नाक्यावर तुमच्याशी हुज्जत घालून कोणी जिंकलं नव्हतं. पण तुम्ही खाली बसलात आणि पाव गोळा करायला लागलात. एक एक पाव उचलून, फुंकून, टोपलीत ठेवत होतात. तो माणूससुद्धा शिव्या द्यायचा थांबून तुमच्याकडे बघत राहिला. वर येऊन स्टिअरिंगवर हात ठेवलेत. "खंयसून इलो हो?" एवढंच म्हणालात. कुठून आला हा. मग माझ्याकडे वळून, "भियाव नको. काय जावक नाय. आवशीक सांगा नको."

मी आईला सांगितलं नाही. पण मी गप्प राहिले म्हणून पुढचं काही घडायचं थांबलं नाही. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही ड्रायव्हरकी सोडलीत. पाठ दुखते म्हणालात. कारखान्याने तुम्हाला गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सलाम करायला. तुमचे दोस्त घरी येऊन चेष्टा करायचे, "काय रे, म्हातारा झालास काय?" आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून खोटं खोटं कण्हून दाखवायचात. सगळ्यांना हसवायचात. त्याच सुमारास मला स्वयंपाकघरात चहाच्या डब्याच्या मागे एक लहान बाटली सापडली, डोळ्यांत घालायच्या औषधाची. मी आईला विचारलं. ती पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "ठेव ती होती तिथे. डोळे येतात त्यांचे मधूनमधून." मी म्हटलं, डोळे लाल तर दिसत नाहीत. तेव्हा लाटणं थांबलं. "तुला सांगितलं ना ठेव? वडिलांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. आणि हा विषय परत काढायचा नाही." आईने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही, उलट इतकी हळू बोलली की मी घाबरले.

रिक्षाच्या प्रकारानंतरही मी डोळे दाखवायला गेले नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, बघू, असं चाललं होतं. गणपतीला पोरगी घरी आली. मी गॅसपाशी, ती ओट्यावर चढून बसलेली, खोबऱ्याची वाटी कुरतडत. मध्येच खाली उतरली आणि म्हणाली, "आई, एक मिनिट. समोर बघ. त्या कॅलेंडरकडे. नजर हलवायची नाही हं." मी म्हटलं तळण करपेल. तिने गॅस बंद केला. मी कॅलेंडरकडे बघत राहिले. ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती, तिच्या बांगड्यांचा बारीक आवाज येत होता.

"आता काय दिसतंय?"

"कॅलेंडर."

"आणखी?"

"भिंत. घड्याळ."

"आणि माझ्या हातात काय आहे?"

"तू हात वर केलास का?"

मग भिंतीतून बाहेर यावा तसा आमटीचा डाव माझ्या डोळ्यांसमोर आला. तो इतका वेळ तिथेच होता, माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर, ती हळूहळू आत आणत होती. "आई," ती म्हणाली, "मी केव्हापासून हलवतेय हा."

दुसऱ्या दिवशी ती मला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे एक तपासणी असते, बाबा. एका पांढऱ्या अर्ध्या घुमटात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक प्रकाश चमकला की हातातलं बटण दाबायचं. खोलीत अंधार, यंत्राची घरघर, आणि यंत्र चालवणाऱ्या बाईंचा आवाज, "समोरच बघा हां, शोधायला जाऊ नका." मी समोर बघत राहिले. एक चमकला, दाबलं. एक चमकला, दाबलं. मग काहीच नाही. यंत्राची घरघर तर चालूच होती, म्हणजे ते काहीतरी दाखवत होतं. मी बटणावर बोट ठेवून त्या पांढऱ्या पोकळीत बघत बसले होते, आणि कुठेतरी दिवे लागत होते, विझत होते, आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हते. इतकी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आडपडदा न ठेवता बोलतात. काचबिंदू, म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो, मागची शीर हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. "जे गेलं ते परत येणार नाही. जे आहे ते सांभाळायचं. थेंब रोज घालायचे, जन्मभर. स्कूटी बंद." आणि मग कागदावरून मान वर करून, "घरात कुणाला होतं? आईला, वडिलांना?"

मी म्हटलं, नाही. अगदी लगेच म्हटलं. मला तसंच वाटत होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पोरीने दंड धरला होता, आणि तिसऱ्या की चौथ्या पायरीवर मी थांबले. चहाचा डबा. त्याच्या मागची ती बाटली.

आई अजून मुलुंडच्याच खोलीत राहते. हात कापतात, पण डोकं शाबूत आहे. मी गेले तेव्हा ती खाटेवर बसून शेंगा सोलत होती. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. मला काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाली, "तुला पण?"

त्या दोन शब्दांत सगळं आलं. तरी मी विचारत गेले आणि ती सांगत गेली, खाली बघत, शेंगा सोलत. तुम्हाला पाव सांडले त्याच्या आधी वर्षभर माहीत होतं. कारखान्याच्या डॉक्टरला चुकवून तुम्ही घाटकोपरला दुसऱ्याच डॉक्टरकडे जायचात. त्याने गाडी सोडायला सांगितली होती, तुम्ही सोडली नव्हतीत. "मी रडले, पाया पडले. ते म्हणायचे, समोरचं तर दिसतं. आणि मग त्या दिवशी घरी आले ते इथे खाली बसले, ह्या खाटेला टेकून. म्हणाले, पोर बाजूक होती. तिका दिसलो, माका नाय दिसलो. तू नसतीस ना गाडीत, तर ते चालवतच राहिले असते."

मग मी गावच्या आजोबांबद्दल, तुमच्या वडिलांबद्दल विचारलं. आपल्या गावच्या घरी मागच्या दारापासून विहिरीपर्यंत एक सुंभाची दोरी बांधलेली असायची, कमरेएवढ्या उंचीवर. लहानपणी मी तिला लोंबकळायचे आणि तुम्ही एकदा मला त्यावरून फटका मारला होतात. तुमच्या हातचा तेवढा एकच मार मला आठवतो. मला वाटायचं, ती कपडे वाळत घालायची दोरी. आई म्हणाली, "कपडे कोण घालतं इतक्या खाली? आजोबा धरून जायचे ती."

मी तिला विचारलं, मग मला का नाही सांगितलंत कोणी? ती म्हणाली, "तुझं लग्न व्हायचं होतं. डोळे जाणाऱ्यांच्या घरातली म्हटलं असतं लोकांनी. तुझे बाबा म्हणाले, तिच्यापर्यंत नाही येणार." लग्न झाल्यावर का नाही? "लग्नानंतर तुला दिवस गेले. आणि मग तेच गेले."

तुम्ही गेलात तो दिवस मला तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्यानंतर त्या दिवशी काय झालं ते सांगते. सकाळी मासे आणायला म्हणून पिशवी घेऊन निघालात आणि बाजाराच्या कोपऱ्यावर टेम्पोखाली आलात. टेम्पो डावीकडून येत होता. त्याचा ड्रायव्हर पोलीस चौकीतल्या बाकावर बसून रडत होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता, "काका सीधा सामने आये. मेरी तरफ देखा ही नहीं." मी सहा महिन्यांच्या पोटाने त्याच्या अंगावर धावून गेले होते. खोटारडा म्हणाले, खुनी म्हणाले. बायकांनी मला मागे ओढलं. आई चौकीच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, दुःखाने.

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे. आधी वाटलं, रागावू नये, गेलेल्या माणसावर काय रागवायचं. पण रागावलेय. माझ्यासाठी तुम्ही स्टिअरिंग सोडलंत, ज्यावर तुमचा जीव होता ते सोडलंत, आणि गेटवर बसून लोकांना हसवलंत. आणि त्याच माझ्यासाठी एक वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही. डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या भेटीत मी खरं सांगितलं, वडिलांना होतं, आजोबांना होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे आधी माहीत असतं, तर तुम्ही दरवर्षी तपासून घेतलं असतंत. इतकं गेलं नसतं." एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. मी बाहेर बाकावर बसले. डाव्या हाताला कोणी बसलंय की नाही, हे मान वळवल्याशिवाय कळत नव्हतं.

पोरीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. खेळ उघडला नाही, नुसता फोन. पाववाला, बाटली, दोरी, टेम्पो. शेवटी म्हणाली, "म्हणजे आजोबांना माहीत होतं. आजीला माहीत होतं. आणि सगळे गप्प बसले. कसले लोक आहेत यार हे!" मग आवाज बदलून, "म्हणजे आता मी?"

मी म्हटलं, तुझी तपासणी करू. बाकी काय म्हणणार? दिवाळीच्या सुट्टीत तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या अंधाऱ्या खोलीत ती गेली आणि दार लागलं. बाहेर मला यंत्राची घरघर ऐकू येत होती, आणि मधूनमधून बटणाचा टक् आवाज. मी ते आवाज ऐकत बसले. टक्. टक्. मग मोठी शांतता. मग पुन्हा टक्. मला वाटलं, तुम्ही घाटकोपरच्या त्या डॉक्टरकडून परत येताना बसस्टॉपवर उभे असाल, आणि मी तेव्हा घरी अभ्यासाच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली असेन, दोन्ही डोळे शाबूत.

तिची नजर अजून सगळी आहे. दाब मात्र वर आहे. फार नाही, पण तिच्या वयाला असायला नको तितका. दर काही महिन्यांनी बघावं लागेल, आणि कधीतरी थेंब सुरू करावे लागतील. डॉक्टरीणबाई तिला समजावून सांगत होत्या, ती मान डोलवत होती. मोठ्या माणसासारखे प्रश्न विचारत होती. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुझं नक्की किती गेलंय? तू मला आकडा कधी सांगितलाच नाहीस. दोन्ही डोळ्यांचं आहे का?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. माझी फाइल त्यांच्या समोरच होती. उजव्या डोळ्याच्या फेरतपासणीचा निकाल आठवडाभर आधी आला होता, डाव्यासारखाच, आणि तो फक्त त्यांना आणि मलाच माहीत होता.

हे पत्र मी कुणाला वाचायला देणार नाही. रागाने लिहायला घेतलं होतं, आणि राग अजून आहे, खोटं कशाला सांगू. पण तुम्हाला एवढं कळायला हवं म्हणून लिहिते. पोरगी माझ्याकडे बघत होती, तिचे डोळे मोठे झाले होते, आणि मी तिच्या खांद्यावरची ओढणी सारखी करत म्हणाले, "एकाच डोळ्याचं आहे गं. थोडंसंच."